रडका चेहरा दाबल्यावर

पोरगी साबणानं माखलेली माझ्या पायांवर पालथी होती आणि मला श्वास येत नव्हता. म्हणजे थोडा आत जात होता, पण कुठे पोचत नव्हता. मोरीत पाय लांब करून बसली होती मी, माझी आई बसायची तशीच, तिला नडग्यांवर घेऊन. पाठीला साबण लावता लावता छातीत कोणीतरी मूठ आवळली. हाताला मुंग्या आल्या, मग पायाला आल्या, आणि पाय माझे मलाच कळेनात. पाय म्हणजे तर तेव्हा तिचा पाट होता ना. ती घसरू राहिली होती, साल काढलेल्या बटाट्यासारखी गुळगुळीत, हातात धरावी तर सुटते, आणि बाजूला बादली काठोकाठ भरलेली. मी कशीतरी तिला उचलून बाजूला फरशीवर टॉवेलवर ठेवलं. ठेवलं का टाकलं, देव जाणे. ती लगेच कुशीवर वळली. नुकतीच पालथं पडायला शिकली होती, एका जागी राहायचीच नाही. वळली ती बादलीकडे वळली.

सासू भडगावला बहिणीकडे गेलेली. हे कंपनीत, दिवसपाळीला, आणि तिथे फोन गेटवरच्या पेटीत ठेवून आत जावं लागतं. ओरडायला गेली तर आवाज निघेना. फोन मोरीच्या कठड्यावर होता. नंबर बिंबर काही दिसत नव्हता मला, डोळ्यापुढे काळे ठिपके. फक्त ॲपमधला तो रडका चेहरा दिसत होता, मोठा, पुरीएवढा. मी दाबला. बोट ओलं होतं, लागलाच नाही. पोलक्याला पुसून परत दाबला. मग लागला.

मग तो चेहरा हळूच विरला आणि त्याच्या जागी एक गोल आला. गोल मोठा होत गेला, मग लहान होत गेला, आणि चाळणीत पीठ चाळल्याचा आवाज सुरू झाला. आणि खाली अक्षरं आली, आणि एका बाईनं ती गोड आवाजात वाचली पण.

"काही घाई नाही."

मी परत दाबलं. परत गोल. परत चाळणी. काही घाई नाही. पोरीचा हात बादलीला लागला होता.

आता हे ॲप काय आणि चाळणी काय, ते मागून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई काय बोलू राहिली.

माझं माहेर यावलकडचं, केळीच्या मळ्यातलं गाव. नववीपर्यंत शिकली, मग लग्न झालं आणि इकडे धुळ्याकडे, नरडाण्याला आली. बाळंतपणाला माहेरी गेली तशी चांगली काही महिने राहिली. तिथेच एक दिवस अंगणवाडीत आशाताईनं आम्हा बाळंतिणींना बोलावलं. जळगावहून एक ताई आल्या होत्या. माझ्याच वयाच्या असतील, चष्मा, खांद्याला लॅपटॉप, पायात बूट. म्हणाल्या, बाळंतपणानंतर बायांचं मन घाबरतं, झोप येत नाही, उगाच रडू येतं, त्यासाठी मी मोबाईलमध्ये एक शांत जागा बनवू राहिले. शांत जागा, असंच म्हणाल्या. आणि त्यात काय काय पाहिजे, ते तुम्ही सांगायचं.

मला कोणी असं कधी विचारलेलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. मी पुढे सरकून बसली.

पहिले त्यांनी आवाज ऐकवला. डोळे मिटा म्हणाल्या. आम्ही मिटले. पाण्याचा आवाज आला, झुळझुळ झुळझुळ, दगडावरून वाहतं तसा. थोडा वेळ गेला नाही तर माझ्या शेजारची खडबडून उठली.

"ओ माय, नळी फुटली कुठं तरी. मोटर चालू राह्यली का बापा?"

आणि पदर खोचून चालली बाहेर. तिच्यामागे आणखी एक उठली. केळीवाल्यांच्या घरात पाणी वाहायचा आवाज म्हणजे ठिबकची नळी फुटली आणि लाईट जायच्या आत मळा भिजायचा राहिला. त्या आवाजानं मेलेला माणूस पण उठेल. ताई हसल्या नाहीत, त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "मग कोणत्या आवाजानं बरं वाटतं तुम्हाला?"

मग मीच बोलली. म्हटलं, दुपारी सासू पीठ चाळते ना कळण्याच्या भाकरीचं, ज्वारी-उडदाचं, तो आवाज. म्हणजे भांडण नाही काही, कामं झालेली आहेत, आणि सासू एका जागी बसलेली आहे. बाया फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "सासू एका जाग्यावर बसली म्हंजे स्वर्गच." ताईंनी दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या मदतनीस बाईला पीठ चाळायला बसवलं आणि तो आवाज भरून घेतला. खालचे शब्द पण माझेच. माझी आई केस विंचरताना गुंता आला की म्हणायची, काही घाई नाही, माय, काही घाई नाही. मी ते सांगितलं तर ताई म्हणाल्या, हेच पाहिजे होतं मला.

निळा रंग होता तो बायांनी काढायला लावला, दवाखान्याची भिंत वाटते म्हणून. लाल तर ठेवूच नका म्हटल्या. घंटी वाजू नका देऊ, घरात सगळे विचारतात कोणाचा फोन. एक दिवस नाही उघडलं तर तुम्ही आला नाहीत असं सांगू नका, शाळेत हजेरी लागते तसं वाटतं. ताई सगळं काढत गेल्या. मला फार मजा वाटायची. एकेक गोष्ट काढली की माझ्या छातीवरून एकेक वीट काढल्यासारखं वाटायचं. कारण मला तेव्हाच ते व्हायला लागलेलं होतं, श्वासाचं. मी कोणाला बोलली नव्हती.

मग ते चेहरे आले. आज कसं वाटतं, आणि खाली चेहरे, एक हसरा, एक साधा, एक रडका. वाचता येत नाही तिनं पण दाबावं म्हणून मोठे मोठे. आणि ताईंनी असं केलं होतं की कोणी लागोपाठ रडका दाबला तर त्यांना जळगावला कळेल, आणि त्या आशाताईला आणि बाईच्या घरी फोन करतील.

आम्हाला वापरायला दिलं. थोडे दिवस झाले आणि गावात गोंधळ. ताई सगळ्यांच्या घरी फोन करू राहिल्या, आवाज घाबरलेला. एकीचा नवरा मळ्यातून विळा घेऊन पळत आला, तर ही ओट्यावर बसून निवांत शेवग्याच्या शेंगा चोखू राहिलेली. दुसरीच्या सासूनं फोनवरच सुनावलं, "आमी का उपाशी मारतो व्हय हिला? तुम्ही कोन विचारनाऱ्या?" आणि सुनेच्या हातातला फोन काढून कपाटात ठेवला.

ताई दुसऱ्या दिवशी आल्या त्या डोळे सुजलेले घेऊन. म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी रडका का दाबला? एकीनं पण हसरा नाही दाबला. मला वाटलं गावात काय झालं."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आता हे कसं सांगावं? मी नववी शिकलेली म्हणून मला पुढे केलं. मी म्हटलं, "ताई, आम्ही बरं हाये असं बोलत नाही. पोरगं बाळसेदार असलं तरी म्हणायचं, कुठलं हो, खातच नाही. दूध पुरतं का विचारलं तर म्हणायचं, नाही पुरत. बरं हाये म्हटलं की नजर लागते. मग हसरा कोण दाबेल? आणि दाबलेलं तर दिसतं ना कोणाला तरी कुठे."

मागून एक म्हणाली, "मोबाईलची पन लागते नजर. का नाही लागनार?"

ताईंनी वही मिटली. मग विचारलं, "मग रडका दाबला तर मी काय समजायचं?"

आणि मी म्हटलं, मला अजून आठवतं मी हसत म्हटलं, "काहीच नका समजू. मनावरच घेऊ नका. फोन करू नका कोणाच्या घरी. आम्हाला फक्त दाबू द्या."

सगळ्या हो हो म्हणाल्या. ताईंनी तो फोन जायचा भाग काढून टाकला. म्हणाल्या, बरोबर आहे, कोणी मागे लागलेलं नको, हेच तर शांत असतं. मग रडका दाबला की फक्त गोल, चाळणी आणि काही घाई नाही. आम्हाला फार आवडलं. खरंच आवडलं.

मग मी पोरीला घेऊन नरडाण्याला आली. इथे बोली वेगळी. आमच्याकडे आहे ला हाये म्हणतात, इथे शे. मी बोलली की सासू म्हणते, "तू काय बोलस ते माले निम्मं समजस नही." वाईट म्हणून नाही, पण गप्प राहायची सवय लागते. आणि श्वासाचं वाढलं. भाकरी थापता थापता व्हायचं, नळावर व्हायचं. मला वाटायचं आपण मरू आणि पोर रडत राहील. किंवा त्याच्याहून वाईट, पोर हातात असताना होईल. रोज तो चेहरा दाबायची. आता नजरेसाठी नाही, खरोखरच दाबायची. पण फोनला काय फरक कळतो? खोटं रडणं आणि खरं रडणं, बोट तर सारखंच.

एकदा ह्यांना सांगून बघितलं. म्हटलं, मला कधी कधी श्वास येत नाही. हे म्हणाले, "गॅस झाला असेल. ओवा खा." दुसऱ्या दिवशी सासूनं काही न बोलता माझ्यापुढे ओव्याची डबी ठेवली. म्हणजे तिकडे पोचलं होतं. ह्यांचं असंच आहे, मनानं गरीब, पण आईपासून काही लपत नाही यांच्याकडून.

आणि पोचलं तर काय होईल, ते मी या गल्लीतच बघितलं आहे. आमच्या रांगेत शेवटच्या घरची सून अशीच घाबरायची म्हणे, रडायची, अंधारात बसायची. तिला येडी ठरवलं. माहेरी पाठवली बरं होईपर्यंत, आणि पोरगं ठेवून घेतलं, येडीच्या हातात कसं द्यावं म्हणून. बरी झाली का नाही कोणी विचारलं नाही. ते पोरगं आता काकूला आई म्हणतं. माझ्या दारावरून जातं शाळेत, हसतं माझ्याकडे बघून.

तर मोरीतलं. पोर आणखी वळली आणि तिचं डोकं आपटलं बादलीवर, जोरात नाही, पण लागलं, आणि तिनं भोकाड पसरलं. थांबेचना. आणि त्या रडण्यानं शेजारची अक्का आली. आमची भिंत एक आहे. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

"काय व्हयनं व पोरी? हाई पोर इतली काब्र रडी ऱ्हायनी?"

तिनं आधी पोरीला उचललं, तांब्यानं साबण धुतला, पदरात गुंडाळली. मग माझ्या पाठीवर हात फिरवायला लागली, वरून खाली, वरून खाली. चाळणी चालूच होती फोनमध्ये. अक्का म्हणाली, "पीठ कोन चाळी ऱ्हायनं?" आणि इकडे तिकडे बघायला लागली. मला त्या हालतीत हसू आलं का रडू, दोन्ही एकदम आलं. आणि श्वास आला.

"चक्कर आली," मी म्हटलं.

"उपाशी ऱ्हास तू. मंग चक्कर येस."

म्हणजे मी इतके दिवस तो चेहरा दाबला आणि कोणी आलं नाही. पोर एकदा रडली आणि अक्का आली.

मी जळगावच्या ताईंना फोन केला, हे घरात नव्हते तेव्हा. सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी येते." मी नको नको म्हणेपर्यंत फोन ठेवला. आणि आल्या, भुसावळकडून सुरतला गाडी जाते तिनं, स्टेशनावरून चालत. सासू तोपर्यंत भडगावहून परत आलेली. मी सांगितलं, माहेरच्या गावात अंगणवाडीत यायच्या त्या ताई आहेत, पोरीला बघायला आल्या.

"जयगावनी बाई शे का? इतली दूरथीन पोर देखाले उनी?" सासू मला म्हणाली, जळगावला इथे जयगाव म्हणतात. मग मोठ्यानं म्हणाली, "बठ ताई, बठ. चहा मांडस मी." आणि चहा मांडून आतल्या खोलीत पीठ चाळायला बसली. मध्ये नुसता पडदा.

ताई हळू बोलत होत्या. म्हणाल्या, ही चूक माझी आहे, तुमची नाही. शांत ठेवायच्या नादात मी दारच काढून टाकलं. म्हणाल्या, हा आजार आहे, याला औषध आहे, धुळ्याला एक डॉक्टर आहेत, बाई आहेत, मी बरोबर येते. आणि मोबाईलमध्ये मी परत फोन जायचं टाकते. तुम्ही रडका दाबला की एका माणसाला फोन जाईल. जास्त नाही, एकालाच. नंबर तुम्ही सांगाल तोच.

आणि त्यांनी माझा फोन माझ्यापुढे धरला. त्यात एक रिकामी चौकट होती.

आता तुम्ही म्हणाल त्यात काय, द्यायचा नंबर. पण कोणाचा द्यायचा सांगा. ह्यांचा फोन पेटीत असतो, आणि पेटीत नसला तर ऐकलेलं आईकडे जातं. सासूचा दिला तर त्या शेवटच्या घरासारखं. अक्काकडे फोन नाही, आणि असता तरी अक्काच्या पोटात पाणी टिकत नाही, संध्याकाळपर्यंत गल्लीला माहीत. इथली आशाताई सासूच्या भावकीतली. आईचा दिला तर आई रडत बसेल आणि भाऊ गाडी घेऊन येईल, आणि मी एकदा माहेरी गेली की पोर इथेच ठेवून घेतील. ताई म्हणाल्या, माझा घाला. पण त्या जळगावला. पोर बादलीपाशी असेल आणि फोन जळगावला वाजेल.

आणि सासू सोमवारी परत भडगावला जाणार आहे, बहिणीचा पाय मोडला आहे म्हणून, या वेळी जास्त दिवस. मी मोरीतल्या त्या दिवसापासून पोरीला एकटीनं आंघोळ घातलेली नाही. घरात कोणी नसलं की नुसती ओल्या फडक्यानं पुसते. सासूच्या ध्यानात आलं आहे. परवा पोरीच्या मानेला नाक लावून म्हणाली, "हाई पोर आंघोळ करेल नही वाटस." मी म्हटलं, सर्दी झाली आहे तिला. तिनं माझ्याकडे बघितलं फक्त.

मी चौकटीवर बोट ठेवून बसली होती. ताई म्हणाल्या, "बोला." पोरगी त्यांच्या मांडीवर, त्यांचा चष्मा ओढू राहिलेली. आणि आतली चाळणी थांबली.

पीठ संपलं असेल. किंवा हात दुखला असेल. पण आवाज थांबला की कसं कळतं ना आपल्याला, की पलीकडे कोणीतरी ऐकू राहिलं. तोच आवाज, मी अंगणवाडीत सांगितलेला, की तो असला की मला बरं वाटतं. तो परत सुरू होईना. मी वाट बघितली.

पडदा हलला. सासू दारात उभी, हाताला पीठ. "काय लिखी ऱ्हायन्यात व मोबाईलमा?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी बोलायला तोंड पण उघडलं होतं, मी नुसती मान जरा हलवली असती तर त्यांनी सगळं सांगितलं असतं सासूला, तिथल्या तिथे. कदाचित सासूनं ऐकूनही घेतलं असतं. ओव्याची डबी तिनंच ठेवली होती ना माझ्यापुढे. आणि कदाचित सोमवारी जाताना पोरीला सोबत घेऊन गेली असती भडगावला, आणि मग.

मी फोन पालथा ठेवला आणि म्हटलं, "काही नाही आई, ताई पोरीचा फोटो बघू राहिल्या." आणि ताईंना म्हटलं, "राहू द्या ताई. काही घाई नाही."

माझ्याच तोंडून निघालं ते. ताईंचा चेहरा असा झाला की मला बघवेना. चहा पिऊन त्या संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. जाताना दारात हळूच म्हणाल्या, चौकट तशीच ठेवते, कधी पण भरा.

ती तशीच आहे. आज शुक्रवार. सासू आत पिशवी भरू राहिली आहे, पोर झोळीत आहे, आणि मी हे लिहू राहिली आहे. मला कोणाला तरी विचारायचं आहे, आणि इथे विचारण्यासारखं कोणी नाही. सासू दारात उभी होती, ताई थांबल्या होत्या, पोर त्यांच्या मांडीवर होती. तुम्ही असता तर काय केलं असतं? मान हलवली असती का? कोणाचा नंबर टाकला असता?